नजर घरातलीच असेल तर: फोनवरची पाळत कशी ओळखायची आणि आधी काय करायचे

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले फोन-रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडता येईल, असा तो निकाल. प्रकरण भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर आलेले. या बातमीचा सोयीचा अर्थ काढणे फार सोपे आहे: ‘बायकोच्या फोनवर नजर ठेवायला आता कोर्टाचीच मुभा.’ तशी मुभा कोणीही दिलेली नाही. एखादा पुरावा न्यायालयाने पाहणे वेगळे आणि तो मिळवण्यासाठी कोणाच्या फोनमध्ये शिरणे वेगळे. उलट, जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे, असेच त्या निकालात म्हटले आहे.

ज्या घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी चालू आहे, त्या घरात फोनवरची पाळत हा त्याच छळाचा एक भाग असतो. हा लेख अशा घरातल्या बाईसाठी आहे, आणि तिच्या बहिणीसाठी, शेजारणीसाठी, मैत्रिणीसाठीही.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट. तुमचा फोन कोणी तपासत असेल तर हे पान बंद करा आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या फोनवर वाचा. ब्राउझरच्या हिस्टरीतून फक्त ही एक नोंद काढा. सगळी हिस्टरी पुसू नका, कारण रिकामी हिस्टरी पाहूनच संशय येतो.

नेहमीचा सल्ला इथे अपुरा का पडतो

पासवर्ड अवघड ठेवा, ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. हा सल्ला दूर कुठेतरी बसलेल्या परक्या चोरासाठी आहे. इथे समोरच्याला तुमची जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, सगळे ठाऊक आहे. स्क्रीनवर तुमचे बोट कसे फिरते ते त्याने शंभर वेळा पाहिले आहे. तुम्ही झोपलात की तुमचा अंगठा त्याच्या हाताशी आहे. अनेकदा फोन त्यानेच आणून, त्यानेच सुरू करून दिलेला असतो आणि सिमही त्याच्याच नावावर असते. कुलूप कितीही भक्कम असो, चावी करून आणणारा घरातच राहतो.

दुसरा फरक याहून गंभीर आहे. दार बंद झाले की परका चोर दुसरे घर शोधतो. घरातल्या माणसाला दार बंद झालेले दिसले की तो जाब विचारतो, आणि तो जाब हाताने विचारला जाऊ शकतो. म्हणून इथे काय करायचे याइतकेच आधी काय आणि नंतर काय, हेही महत्त्वाचे. या लेखातला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. बाकीची माहिती कोणताही जाणकार देईल, पण क्रम चुकला तर तीच माहिती अंगावर येऊ शकते.

फोनचे पुढचे दार आणि परसदार

फोन म्हणजे वाडा आहे असे समजा. स्क्रीनचा लॉक हे पुढचे दार. पण वाड्याला परसदारही असते, आणि फोनच्या बाबतीत ते म्हणजे तुमचे खाते: अँड्रॉइडवर गुगलचे, आयफोनवर अ‍ॅपलचे. फोटो, संपर्क, ब्राउझरची हिस्टरी हे सगळे फोनमध्ये असते तसेच बहुधा त्या खात्यातही असते. खात्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमच्या फोनला हातही न लावता दुसऱ्या गावातून हे सारे पाहू शकतो. ‘माझा फोन तर माझ्याच पर्समध्ये असतो, मग त्याला कळते कसे?’ याचे उत्तर बहुधा परसदारातच सापडते.

तिसरी वाट म्हणजे मुद्दाम टाकलेले छुपे अ‍ॅप. त्याला स्टॉकरवेअर म्हणतात, आपण त्याला पाळत-अ‍ॅप म्हणू. भीती सगळ्यांना याचीच वाटते, पण खात्यातून होणारी पाळत सोपी असते, फुकट असते आणि तिला तांत्रिक ज्ञान लागत नाही. चौथी वाट फोनच्या बाहेरची: गाडी, कॅमेरा, बँकेचे एसएमएस, मुलांचे टॅब.

त्याला नेमके काय कळते, यावरून वाट शोधा

बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो म्हणजे पाळत आहे, असे सर्रास सांगितले जाते. जुना फोन तसाही तापतो, त्यामुळे त्या खुणेवर विसंबू नका. खरी खूण एकच: त्याला कळायला नको ते कळते. मग कोणती गोष्ट कळते, हे नीट आठवा.

तुमचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे शब्दच्या शब्द कळत असतील तर आधी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा. तुमचे व्हॉट्सअ‍ॅप चार इतर उपकरणांवर जोडता येते, आणि त्यासाठी तुमचा उघडा फोन अर्धा मिनिट हातात मिळाला तरी पुरतो. तिथे न ओळखीचा संगणक किंवा ब्राउझर दिसला, शेवटचा वापर आजच्याच वेळेचा दिसला, तर ती तुमच्या दाराची डुप्लिकेट चावी आहे. पाहा, पण अजून काढू नका. कारण पुढे येईल.

तुम्ही कुठे गेलात ते कळत असेल, पण बोलणे कळत नसेल, तर गुगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून ‘लोकेशन शेअरिंग’ उघडा. लग्नानंतरच्या गोड दिवसांत सुरू केलेले शेअरिंग वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. तिथे काही नसेल तर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘युवर डिव्हाइसेस’ पाहा. हरवलेला फोन शोधायची गुगलची सोय खात्याचा पासवर्ड असलेल्या कोणालाही तुमचा फोन नकाशावर दाखवते. आणि फोन घरी ठेवून गेलात तरी ठिकाण कळले, तर माग काढणारी वस्तू गाडीत किंवा पर्समध्ये आहे.

कोणाला किती वाजता फोन केला एवढेच कळते, काय बोललात ते कळत नाही, असे असेल तर सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कॉलचा तपशील सिमच्या मालकाला मिळू शकतो. खर्च कळत असेल तर बँकेचे एसएमएस कोणत्या नंबरवर जातात, ईमेलवरचे स्टेटमेंट कोण उघडते, ते तपासा. मोटार त्याच्या नावावर असेल तर फास्टॅगचा एसएमएस विसरू नका: टोलनाका ओलांडला की नाक्याच्या नावासह संदेश नोंदवलेल्या नंबरवर जातो. खाण्याच्या, टॅक्सीच्या आणि खरेदीच्या सामाईक खात्यांत पत्ता आणि वेळ साठलेली असते. घरातल्या टीव्हीवर तुमचेच गुगल खाते चालू असेल तर फोनवर काय पाहिले ते टीव्हीच्या यूट्यूबवरही दिसते.

आणि सगळेच कळत असेल, म्हणजे लिहिलेले, बोललेले, फोटो, जागा, तर पाळत-अ‍ॅपची शंका घ्यावी.

पाळत-अ‍ॅप: कुठे लपते

असे अ‍ॅप टाकायला बहुतेक वेळा फोन काही मिनिटे हातात आणि लॉक उघडलेला लागतो. एखादा मिस्ड कॉल देऊन कोणी फोन ‘हॅक’ करतो, ही भीती मनातून काढून टाका. गुगलने २०२० मध्ये अशा अ‍ॅपना प्ले स्टोअरवर बंदी घातली, त्यामुळे ती बाहेरच्या साइटवरून उतरवली जातात. त्यासाठी फोनच्या दोन-तीन सोयी बदलाव्या लागतात, आणि तिथेच त्यांचा माग मिळतो.

प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे घातक अ‍ॅप शोधणारी गुगलची तपासणी, उघडा. तुम्ही न बंद करता ते बंद असेल तर दखल घ्या. मग सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत एकेक नाव टाका: ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’. शेवटच्या दोन परवानग्या मिळालेले अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर आणि येणारे संदेश वाचू शकते. अशी अ‍ॅप ‘सिस्टिम सर्व्हिस’ किंवा ‘बॅटरी हेल्थ’ अशा निरुपद्रवी नावाने बसतात, त्यांचे चित्रही मुख्य स्क्रीनवर दिसत नाही. मात्र कंपनीची खरी अ‍ॅपही अशाच नावांची असतात, म्हणून नावावरून निष्कर्ष काढू नका. परवानग्या पाहा, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय काही ठरवू नका.

आयफोनमध्ये छुपे अ‍ॅप घालणे अवघड असते, तिथे पासवर्ड माहीत असलेले अ‍ॅपल खाते हीच मुख्य वाट. आयओएस १६ पासून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. कोणाला काय दिसते ते ती एका जागी दाखवते आणि तिथूनच तोडताही येते.

सापडले की लगेच काढून टाकायचे ना?

नाही. इथेच सर्वांत मोठी चूक होते.

व्हॉट्सअ‍ॅपचे जोडलेले उपकरण काढले की त्याच्या संगणकावर ते त्याच क्षणी बंद पडते. लोकेशन बंद केले की त्याच्या नकाशावरून तुम्ही नाहीशा होता. गुगलचा पासवर्ड बदलला की सुरक्षेचा इशारा रिकव्हरीच्या, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या, ईमेलवर जातो, आणि तो ईमेल त्याचाच असू शकतो. बँकेत मोबाइल नंबर बदलला तर अनेक बँका जुन्या नंबरवरही तसा संदेश पाठवतात. म्हणजे तुम्ही एक खिडकी लावलीत आणि घंटा त्याच्याकडे वाजली. ताबा सुटतोय असे ज्या दिवशी छळणाऱ्याला वाटते, तो दिवस धोक्याचा असतो. त्या दिवशी तुम्ही त्याच्याबरोबर एकट्या घरात नसाल, अशी तजवीज आधी हवी.

शिवाय काढून टाकलेले अ‍ॅप म्हणजे गेलेला पुरावा. फॅक्टरी रीसेटचेही, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याचेही, तेच. त्यातून पाळत-अ‍ॅप बहुधा जाते, पण पुरावाही जातो, आणि त्याच जुन्या खात्याने पुन्हा सुरुवात केली तर परसदार होते तसेच उघडे राहते.

म्हणून जुना फोन काही दिवस जसाच्या तसा चालू द्या. त्यावर रोजचे बोलणे, भाजी, शाळा, सासूबाईंचे औषध. जायचे बेत, वकील, हेल्पलाइन यातले काहीही त्यावर नको. महत्त्वाचे सगळे दुसऱ्या फोनवर.

दुसरा फोन कसा असावा

सर्वांत सोपा दुसरा फोन म्हणजे बहिणीचा, शेजारणीचा फोन किंवा कामावरचा संगणक, ज्याला त्याचा हात कधी लागलेला नाही. स्वतःचा घेणार असाल तर तुमच्याच नावावर, तुमच्याच कागदपत्रांवर सिम घ्या. साधा बटणांचा फोनही चालतो, पण घरात तो सापडला तर काय होईल याचा आधी विचार करा. धोका मोठा वाटत असेल तर फोन घराबाहेर, खात्रीच्या माणसाकडे ठेवा.

स्मार्टफोन असेल तर चार पथ्ये पाळा. जुन्या फोनचा बॅकअप त्यावर उतरवू नका. जुन्या खात्याने त्यात शिरू नका, नवे ईमेल उघडा आणि त्यात रिकव्हरीसाठी नवाच नंबर द्या. घरच्या वायफायला तो जोडू नका, कारण जोडलेल्या उपकरणांची यादी राउटरवर दिसते. लॉकला बोटाचा ठसा किंवा चेहरा नको, सहा आकडी पिन ठेवा, आणि ती कोणाच्याही वाढदिवसाशी जुळणारी नको. नव्या ईमेलला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावा, म्हणजे पासवर्डानंतर दुसरे कुलूप. व्हॉट्सअ‍ॅपचे दुसरे कुलूप म्हणजे सहा आकडी पिन.

फोन हाताशी नसेल तेव्हासाठी शेजारणीशी एक खुणेचे वाक्य ठरवा. ‘थोडं विरजण आहे का?’ याचा अर्थ दारावर येऊन थांबा, आणि ‘दोन चमचे’ म्हटले तर ११२ ला फोन लावा. असे साधे वाक्य कोणी ऐकले तरी खटकत नाही.

सिम त्याच्या नावावर असेल तर

हा प्रश्न अनेकींच्या लक्षातच येत नाही. सिमचा मालक ‘सिम हरवले’ म्हणून डुप्लिकेट घेऊ शकतो. तुमचे सिम तत्क्षणी मरते आणि तुमचे ओटीपी त्याच्या हातात जातात: बँकेचे, आधारचे, व्हॉट्सअ‍ॅपचे. तुमच्या नावावर कोणते नंबर आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते. मात्र नक्की तुमच्याच नावावर असलेल्या नंबरने तिथे शिरा. वापरत असलेला नंबर त्या यादीत दिसला नाही तर तो दुसऱ्याच्या नावावर असण्याची शक्यता असते.

घर सोडायच्या आधी नवा नंबर घ्या, आणि बाहेर पडताच तो आधी बँकेत, मग आधारला जोडा. बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्या. पगार किंवा सरकारी योजनेचे पैसे संयुक्त खात्यात जमा होत असतील तर फक्त स्वतःच्या नावाचे खाते उघडा, शक्यतो वेगळ्या बँकेत. मग यूपीआयसाठी नवी पिन. आधारचे बोटांचे ठसे आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून लॉक करता येतात. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मारहाणीनंतरचे दवाखान्याचे कागद यांचे फोटो नव्या ईमेलवर ठेवा. मूळ कागद जमेल तसे माहेरी किंवा मैत्रिणीकडे.

बाहेर पडल्यावर मागावर राहणाऱ्या वस्तू

नाण्याएवढे ब्लूटूथ टॅग पर्सच्या अस्तरात, दप्तरात, मुलाच्या खेळण्यात शिवता येतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली अनोळखी टॅग शोधण्याची सोय आहे, आयफोन तसा इशारा आपणहून देतो. पण एक बारकावा ध्यानात ठेवा: टॅग मालकापासून दूर, तुमच्याबरोबर फिरत असेल तेव्हाच हा इशारा येतो. दोघे एकाच घरात राहत असताना टॅग रोज मालकाजवळ परततो, त्यामुळे फोन गप्प राहतो. म्हणून घर सोडल्यावर पहिल्याच दिवशी स्वतः शोध घ्या, आणि नंतर पुन्हा एकदा.

गाडीतले सिमवर चालणारे जीपीएस यंत्र या शोधात सापडत नाही. स्टिअरिंगखालचे निदानाचे सॉकेट, सीटखालची जागा आणि बंपरची आतली बाजू ओळखीच्या मेकॅनिककडून पाहून घ्या. ते लगेच फेकू नका, आधी जागेवरच फोटो काढा.

मुलांचा टॅब, त्यांचे घड्याळ, शाळेचे अ‍ॅप यांत जुनेच खाते चालू असते. मुले बाबांना भेटून आली की दप्तर पाहा, पण मुलांना जासूद करू नका, त्यांना प्रश्न विचारून घाबरवू नका. नातेवाइकांना सांगा की नव्या जागेचे, शाळेच्या गणवेशाचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत.

‘नवऱ्यापासून लपवायचे तरी काय?’

हा प्रश्न सासरहून येतो, कधी माहेरहूनही. दोघांनी आपखुशीने एकमेकांना पासवर्ड सांगणे ही त्यांची बाब आहे. नकार दिला तर मार पडेल अशा भीतीने दिलेला पासवर्ड ही संमती नव्हे.

कायद्यालाही हा भेद कळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणे हा पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी नवऱ्याला फोन किंवा संदेशावरूनही संपर्क करू नये असा संरक्षण आदेश देऊ शकतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा बायकांसाठी आहे. मुलांकडून अशीच कोंडी होणाऱ्या वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका, गयावया करू नका, धमकी जपून ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. बायकांविरुद्धच्या अशा मजकुराची तक्रार त्या पोर्टलवर नाव न सांगताही नोंदवता येते.

पुरावा कसा जपायचा

नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नसतो, कारण त्यात वर ‘अहो’ एवढेच दिसते. संपर्काचे पान उघडून नंबर दिसेल असा दुसरा फोटो घ्या. तारीख, वेळ, आधीचे-नंतरचे संदेश दिसू द्या, काहीही कापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला संदेश साधारण अडीच दिवस ‘सर्वांसाठी’ पुसता येतो, म्हणून उशीर नको. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा.

तुमच्या फोनवर काढलेला स्क्रीनशॉट गुगल फोटोजमध्ये आपोआप चढू शकतो. ते खाते त्याला दिसत असेल तर तुम्ही पुरावा गोळा करताय हे त्याला तुमच्याच फोटोंतून कळेल. म्हणून शक्यतो विश्वासातल्या माणसाच्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा. वहीत किंवा नव्या ईमेलवर तारीखवार नोंद ठेवा: काय घडले, त्याला कोणती गोष्ट कळली, ती कोणाला सांगितली होती. मूळ फोन टाकून देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागते, ते वकील तयार करून घेतात. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्याचा नंबर १५१००.

परदेशी असाल तर

अमेरिकेत नवऱ्याच्या ‘फॅमिली प्लॅन’वर फोन असेल तर खातेदाराला कॉलची यादी दिसते. तिथल्या २०२२ च्या सेफ कनेक्शन्स कायद्यानुसार छळ सोसणाऱ्या व्यक्तीने कागदपत्रांसह मागणी केली की कंपनीला तिची लाइन दोन कामकाजी दिवसांत वेगळी करून द्यावी लागते. नवऱ्याची संमती लागत नाही, आणि व्हिसा त्याच्यावर अवलंबून असला तरी हा हक्क राहतो.

मदत, आणि ती कोणत्या फोनवरून मागायची

महिलांसाठी १८१ चोवीस तास चालू असतो. तिथून जवळच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची, म्हणजे छळ सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राची, आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती मिळते. राष्ट्रीय महिला आयोगाचा नंबर ७८२७१७०१७०. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे बायका-मुलांना मदत करणारा कक्ष, आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे, तिथे पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात. यातला कोणताही फोन कॉलच्या यादीत उमटतो. यादीतून पुसला तरी सिम त्याचे असेल तर तपशिलात दिसू शकतो. म्हणून दुसऱ्या फोनवरून करा.

जीव धोक्यात असेल तर मात्र यातले काहीही पाहू नका, हाती येईल त्या फोनवरून ११२ लावा. अनेक स्मार्टफोनवर पॉवरचे बटण भराभर दाबले की आणीबाणीची हाक जाते, बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. तुमच्या फोनवर ते कसे चालते हे आजच सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’ उघडून पाहा, आणि तिथे कोणाचा नंबर घातलेला आहे तेही पाहा. फोन त्याने सुरू करून दिला असेल तर ‘आणीबाणीचा संपर्क’ म्हणून तिथे त्याचेच नाव असण्याची शक्यता असते, आणि मग मदतीची हाक तुमच्या ठिकाणासह त्याच्याकडेच जाते. ते नाव बदलले तर त्याला कळेल असे वाटत असेल तर जुन्या फोनला हात लावू नका, दुसऱ्या फोनमध्ये बहिणीचा नंबर घाला.